सगळे जिकडे पाहत होते

माझं बोलून संपलं आणि कुणी जागचं हललं नाही.

केळकोंडच्या देवळाच्या सभामंडपात सगळी वाडी दाटीवाटीने बसली होती. पुरुष समोर, बायका डाव्या अंगाला, पोरं जागा मिळेल तिथे. वर पत्रा, आणि त्या पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की प्रत्येक वाक्य मला ओरडून सांगावं लागलं होतं. वाडीच्या माथ्यावर डोंगराला भेग पडली आहे. पाऊस थांबायचं चिन्ह नाही. अंधार पडायच्या आत सगळ्यांनी ओढ्यापलीकडच्या शाळेत जायचं आहे. ओढ्यावरच्या साकवावर, त्या चिंचोळ्या पुलावर, अजून पाणी चढलेलं नाही, ते चढलं की वाट बंद. औषधं घ्या, रेशनकार्ड घ्या, गुरांची दावी सोडा आणि निघा.

मला वाटलं होतं, गलका होईल. बायका पोरांना हाका मारत घराकडे धावतील. तसं काहीच झालं नाही. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने चंची उघडली आणि सावकाश पानाला चुना लावायला घेतला.

"झालं का मॅडम तुमचं?" पोलीस पाटील बाळाराम उतेकर उठून उभे राहिले. पंचेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. "मंग आमचं ऐका. दर सालाला कोन ना कोन येतो आन उठा म्हनतो. आमी उठतो, शाळंत मेंढरागत कोंबून घेतो, आन चार दिसांनी घरी येतो. डोंगर हाय तिथंच हाय. आमी न्हाय जानार."

"न्हायच जानार," मागून दोघे-तिघे म्हणाले.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. नायब तहसीलदार म्हणून कोकणात येऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. मी वाशीमची. आमच्याकडे डोंगर म्हणजे लांबून बघायची गोष्ट; तो माणसांच्या अंगावर येतो हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या दिवशी तालुक्याच्या गावात नदी बाजारपेठेत शिरली होती. पोलीस, होड्या, सगळी यंत्रणा तिकडे. तहसीलदारांनी मला फोनवर सांगितलं, "इंगोले, केळकोंडला तू जा. जबरदस्तीला माणूस देऊ शकत नाही मी. बोलून उठव त्यांना. तुला बोलता येतं ना चांगलं?"

ते खरं होतं. शाळा-कॉलेजात वक्तृत्वाच्या ढाली मी घरी आणल्या होत्या. आमच्या गवई सरांनी मला सातवीत एक युक्ती शिकवली होती. "प्रणिता, लोकांकडे बघायचंच नाही. त्यांच्या डोक्यांवरून मागच्या भिंतीकडे बघायचं. प्रत्येकाला वाटतं, पोरगी माझ्याकडेच बघून बोलते. आणि तुला भीती वाटत नाही." त्या युक्तीवर मी इतकी वर्षं निभावून नेली होती. त्या दिवशीही मी मागच्या भिंतीवरच्या देणगीदारांच्या पाटीशीच बोलले होते. पाटीवरची पहिली पाच नावं मला अजून आठवतात.

पण आता भाषण संपलं होतं, आणि पाटीला सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. माझी नजर आपोआप खाली आली.

समोर एक तरुण बाई मांडीवर तान्हं घेऊन बसली होती. मी तिलाच विचारलं, "ताई, किती महिन्यांचं आहे बाळ?"

ती दचकली. "चार."

"तुम्हाला जावंसं वाटतं का शाळेत?"

तिने ओठ उघडले, आणि उत्तर द्यायच्या आधी मान किंचित वळवून डावीकडे पाहिलं. मग खाली बघून म्हणाली, "समदी जातील तर जाऊ."

मी पान लावणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, तुमचं काय म्हणणं?"

त्यानेही चुन्याचं बोट पानावर ठेवून डावीकडे पाहिलं. "आमचं काय म्हननं आसनार बाय. वाडी करंल ते."

मग मी मुद्दाम एकेकाच्या तोंडाकडे बघत गेले. कुणी माझ्या नजरेला नजर देत नव्हतं. माझी नजर पोचली की त्यांची नजर निसटायची, आणि निसटून जायची ती एकाच दिशेला. डाव्या अंगाला, बायकांच्याही पलीकडे, लाकडी खांबाला टेकून एक सत्तरीची बाई बसली होती. हिरवट लुगडं, कपाळ मोकळं, दोन्ही हात गुडघ्यांभोवती गुंफलेले. ती कुणाकडे बघत नव्हती. सगळे तिच्याकडे बघत होते.

सगळे म्हणजे एक सोडून. बाळाराम पाटील बोलताना उजवीकडे बघायचे, समोर बघायचे, वर पत्र्याकडे बघायचे. त्या खांबाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

तलाठी कांबळे भाऊसाहेब माझ्या मागे छत्री मिटून उभे होते. मी हळूच विचारलं, "खांबापाशी कोण आहे?"

"भागिर्थीबाई. पाटलांची आई."

"सगळे तिच्याकडे का बघतायत?"

भाऊसाहेबांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "गेल्या पावसाळ्यात अशीच वाडी हलवली होती. भागिर्थीबाईंचे मालक आजारी होते, यायला तयार नव्हते. पाटलांनी ऐकलं नाही, बापाला पाठीवर घालून शाळेत नेलं. तिथे ओली फरशी, डॉक्टर यायचा म्हणाला तो आला नाही. गेले बिचारे तिथेच. आणि दरड काही आली नाही. तेव्हापासून मायलेकरांत बोलणं नाही. ह्या बाई उठल्याशिवाय वाडी उठणार नाही मॅडम. आणि त्यांना उठा म्हणायची इथे कुणाची छाती नाही."

"हे मला वर येताना का नाही सांगितलंत?"

"विचारलं नाहीत."

मला त्या क्षणी त्यांचा संताप आला, पण संतापायला वेळ नव्हता. सकाळी भेगेचा फोटो भाऊसाहेबांच्याच मोबाइलवर आला होता. पाठवणाऱ्याचं नाव त्यांनी मला सांगितलं नव्हतं. 'वाडीतलाच माणूस आहे, पण नाव बाहेर येऊ देणार नाही असा शब्द दिलाय,' एवढंच म्हणाले होते. मी बाळाराम पाटलांकडे पाहिलं. आईकडे न बघणारे तेवढे एकच; नाव लपवायचं कारण असलं तर त्यांनाच. मग भाऊसाहेबांकडे पाहिलं. "फोटो पाटलांनी पाठवला?"

भाऊसाहेब आपल्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे बघायला लागले. मला उत्तर मिळालं.

माझ्यापुढे सोपी वाट होती. सगळ्यांसमोर बोट दाखवायचं आणि म्हणायचं, हे तुमचे पाटील, ह्यांनीच भेग पाहिली, ह्यांनीच कळवलं आणि आता उलटं बोलतायत. वाडी कदाचित हलली असती. पण त्या माणसाला पुन्हा त्या वाडीत राहायचं होतं, आणि शब्द दिलेला होता. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटली. असा चव्हाट्यावर आणलेला माणूस कबूल करण्याऐवजी हट्टाला पेटतो. पेटला असता तर खेळ खलास.

बाहेर चार वाजताच संध्याकाळ झाल्यासारखं दिसत होतं.

मी देवासमोरच्या ओट्यावरून खाली उतरले. बायकांमधून वाट काढत खांबापाशी गेले आणि भागिर्थीबाईंच्या समोर जमिनीवर बसले. ओल जमिनीतून वर येत होती.

जवळून पाहिलं तर म्हातारीचे डोळे बारीक, घारे होते. तिने ते माझ्यावर रोखले आणि मग हलवलेच नाहीत. मला बालपणापासून कुणाच्या डोळ्यांत बघून बोलायची सवय नव्हती. माझी मान दोनदा खाली गेली, दोनदा मी ती वर आणली.

"मावशी," मी म्हणाले, "मी प्रणिता."

"ऐकलं. तू वरडत व्हतीस तवा ऐकलं समदं." तिचा आवाज जाड होता. "मला येक सांग. ती भेग तू बघितलीस? तुज्या डोळ्यांनी?"

हो म्हणावं, असं मनात येऊन गेलं. एका 'हो'ने काम होणार होतं. कुणाला कळलंही नसतं. पण त्या घाऱ्या डोळ्यांसमोर खोटं बोलवेना.

"नाही," मी म्हणाले. "फोटो बघितला."

"ऐका!" मागून कुणीतरी ओरडलं. "बघितलीच न्हाय म्हनं!" हशा पिकला. कपाळावरून पाण्याचा ओघळ माझ्या भुवईत उतरला, तो मी पुसला नाही.

भागिर्थीबाई हसली नाही. "मागल्या साली येक साहेब आलावता. लय बोलला. डाक्टर देतो बोलला, गाद्या देतो बोलला. पन समदं कागदाकडं बघून. तू काय देनार?"

"मी काही देणार नाही मावशी. शाळेची फरशी आजही ओलीच असेल. डॉक्टर पुरात अडकलाय. आणि डोंगर आज येईल की नाही हे मला माहीत नाही. नाही आला तर उद्या तुम्ही मला शिव्या घालाल, आणि मी त्या ऐकून घेईन." माझा आवाज कापत होता आणि तो लपवायला मागची भिंत नव्हती. "मला भीती वाटतेय, एवढंच मी सांगू शकते. तुमच्यासाठी वाटतेय, आणि इथे बसलेय म्हणून माझ्यासाठीपण वाटतेय."

"मंग भेग बघितली कुनी?"

"तुमच्याच वाडीतल्या माणसाने. तो इथे बसलाय. नाव मी सांगणार नाही. त्याला सांगावंसं वाटलं तर तो सांगेल."

मंडपात कुजबुज उठली. मी उभी राहिले. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी सभेतल्या एकेका माणसाच्या डोळ्यांत बघत गेले. तान्ह्या मुलाची आई. पानवाला म्हातारा. त्याच्या शेजारचा, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ घेतलेला गडी. कुणावर रागावून नाही, कुणाला पकडायला नाही. प्रत्येकाशी एक श्वासभर थांबले. त्यांनीही आता नजर चुकवली नाही. प्रत्येक जण विचारत होता, कोण तो? बाळाराम पाटलांपाशी आले तेव्हाही तेवढीच थांबले, जास्त नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला माहीत आहे, हे त्यांना कळलं. आणि मी सांगणार नाही, हेही कळलं. मी नजर पुढच्या माणसाकडे नेली.

त्यानंतर मी काही बोलले नाही. सभेत न बोलता उभं राहणं किती अवघड असतं, ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही. भाऊसाहेबांनी मागून माझी ओढणी ओढली, "मॅडम, वेळ जातोय." मी हाताने थांबा म्हटलं.

तेवढ्यात वरच्या बाजूने आवाज आला. फार मोठा नव्हता. सुपातून नाचणी घोळावी तसा दगड घरंगळत गेल्याचा. कुत्रं मंडपात शिरून बायकांच्या मागे जाऊन बसलं.

"आये."

बाळाराम पाटील बोलले होते. भागिर्थीबाईंनी मान हलवली नाही.

"आये, भेग म्यां बघितली." एवढा थोरला माणूस, पण शब्द तोंडातून सुटे सुटे पडत होते. "परवा गुरं घेऊन गेलो तवा बोट जात व्हतं. आज सकाळी हात गेला. पार खाकंपातूर. फोटू म्यांच धाडला."

"आन हितं उभा ऱ्हाऊन न्हाय जानार बोललास?" पानवाला म्हातारा उसळला.

"बोललो!" पाटील त्याच्यावर ओरडले, आणि लगेच आवाज बसला. "कुन्या तोंडानं म्हनू उठा? गेल्या साली म्यांच उठवलं. आबा न्हाय म्हनत व्हते. म्यां पाठीवर घातलं त्यांना. समद्या वाटंनं माज्या कानात म्हनत व्हते, बाळा, घरी चल. बाळा, घरी चल…" त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "म्यां न्हाय ऐकलं. आन तवापासनं आयेनं माज्याकडं बघितलं न्हाय."

भागिर्थीबाईंनी सावकाश मान वळवली. तिने मुलाकडे पाहिलं. पायांपासून वरपर्यंत, बऱ्याच दिवसांनी गावाहून आलेल्या माणसाकडे बघावं तसं.

"म्यां बघितलं न्हाय?" ती म्हणाली. "मी रोज बघत व्हते रं. ताट वाढताना बघत व्हते, तू पायऱ्या उतरताना बघत व्हते. तूच मान खाली घालून जायचास. मला वाटलं, बापाच्या जागी आये का न्हाय गेली, आसं ह्याच्या मनात आसंल."

पाटलांनी मान वर केली.

"आरं, त्यांचं सरलं व्हतं. घरी आसते तरी गेलेच आसते. तू त्यांना पाठीवर नेलंस, बापाला जित्तेपनी खांदा दिलास, ह्ये मी कुनाला सांगू? तू थांबशील तर सांगू ना." तिने गुडघ्यांभोवतीचे हात सोडले. "चल, हात दे. गुडघं धरल्यात माजं. आन पुन्यांदा डोंगर फाटला तर आधी आयेला सांगायचं. मोबाइलला न्हाय."

पाटील बायकांना ओलांडून आले. त्यांनी आईला उठवलं. ती उभी राहिली, लुगड्याचा ओचा झटकला आणि सगळ्यांकडे बघून म्हणाली, "बसल्यात काय? चला की."

मग जे झालं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. सगळा मंडप एका दमात उठला. कुणी गुरांकडे, कुणी चुलीवरचं उतरवायला, कुणी म्हाताऱ्यांना पाठुंगळीला घ्यायला. पाटील दारोदार फिरत होते. शेवटच्या खेपेला साकवावर घोटाभर पाणी होतं. मी आणि भाऊसाहेब दोन्ही कडांना दोर धरून उभे होतो. पलीकडे गेलेला प्रत्येक माणूस मागे वळून वाडीकडे एकदा बघत होता. माळावर सोडलेल्या म्हशी पावसात तशाच उभ्या होत्या.

त्या रात्री काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. उलट तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला, ढग वर गेले आणि स्वच्छ ऊन पडलं. डोंगर धुतल्यासारखा हिरवागार समोर उभा होता. शाळेच्या पडवीत बसून सगळे त्याच्याकडे बघत होते आणि मग माझ्याकडे. कुणी शिव्या घातल्या नाहीत. शिव्या परवडल्या असत्या.

"मॅडम, म्हशी दुधाच्या हायत. कासा फुटतील," एक जण म्हणाला. "जाऊन पिळतो आन येतो. घटकाभर."

"तुम्हीच सांगा, कुठं हाय दरड?" दुसरा म्हणाला.

मी तहसीलदारांना फोन लावत होते, लागत नव्हता. पाच-सात जण कासांड्या घेऊन निघालेच. आणि बघितलं तर शाळेच्या फाटकात भागिर्थीबाई पाय पसरून बसलेली.

"म्हातारे, उठ," पानवाला म्हणाला.

"मला वलांडून जा."

"आगं, ऊन पडलंय."

"मग उनात बस. हितं माज्याजवळ."

मी जाऊन तिच्या शेजारी बसले. पाटील दुसऱ्या बाजूला बसले. बराच वेळ वादावादी चालली. कुणी चिडलं, कुणी हात जोडले, एकाने कासांडी आपटली. तिला ओलांडून मात्र कुणी गेलं नाही.

तिसऱ्या प्रहरी तो आवाज आला. मला वाटलं होतं, असा आवाज आभाळ फाटल्यासारखा असेल. तसा नव्हता. ट्रकमधून खडी ओतावी तसा सुरू झाला, आणि थांबेना. ऊन तसंच होतं. हिरव्या डोंगराच्या मधोमध एक तांबडी रेघ उमटली, ती रुंद होत खाली आली, आणि जिथे देवळाचं पत्र्याचं छप्पर चमकत होतं तिथे चमकायचं थांबलं. मग सगळंच तांबडं. ओल्या मातीचा वास ओढा ओलांडून आमच्यापर्यंत आला.

मग एका बाईने मोठ्याने नावं घ्यायला सुरुवात केली. घरातली, शेजारची, एकेक नाव, आणि ज्याचं नाव येई तो "हाय" म्हणे. "हाय." "हाय." पडवीतून, वर्गातून, नळापासून. तान्ह्याच्या आईने पोराचं नाव ऐकल्यावर त्याचा हात धरून वर केला. सगळे होते. म्हशी गेल्या होत्या, दोन सोडून.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. नव्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाला मला कधी कधी बोलावतात. सभेत बोलताना नजर कुठे ठेवायची, असं कुणीतरी हटकून विचारतं. मी सांगते, तुम्ही कुठे बघता हे नंतर. आधी लोक कुठे बघतायत ते बघा. ते लिहून घेतात.

त्या दिवशी मात्र मला कुठेच बघवत नव्हतं. मी फाटकाच्या दगडावर डोकं गुडघ्यात घालून बसले होते. पाठीवर खरखरीत हात पडला.

"कुठली गं तू?" भागिर्थीबाई विचारत होती.

"वाशीमची."

"लांब आसंल."

"खूप लांब."

"आये हाय?"

मी होकारार्थी मान डोलावली.

"मंग फोन लाव तिला. आदुगर लाव. परवापासनं तुजा आवाज आयकला नसंल तिनं."

पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदाही नाही. भागिर्थीबाई शेजारी बसून राहिली. तिसऱ्यांदा घंटी वाजली, आणि आईचा आवाज आला, "अगं प्रणिता? बातम्यांत तुमच्याकडचा पूर दाखवत होते. कुठं होतीस तू? बोल ना. बोलत का नाहीस?"

भागिर्थीबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला, तो उलटा-सुलटा करून कानाला लावला आणि ती मोठ्याने म्हणाली,

"हाय. तुमची लेक हाय. आमच्यापाशी हाय."